हाकेला ओ देणारा पडदा

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी माझा भाचा घरी आला, चपला दाराशी काढल्या आणि एक घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "मामा, रविवारी नाशकाला चलाल का माझ्याबरोबर? मॉनिटर घ्यायचाय. तुम्ही असलात तर आई नाही म्हणायची नाही."

मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत तो कामाला लागून वर्ष होत आले आहे. पगारातून बाजूला टाकलेले पंधरा हजार रुपये त्याच्यापाशी होते. कागदावर चार-पाच मॉनिटरांची नावे आणि नावांपुढे आकड्यांची रांग : १४४, १६५, २४०, २४ इंच, २७ इंच, आणखी कसले कसले. हा पडदा त्याला हवा होता तो खेळण्यासाठी. आणि त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, सिन्नरातल्या कितीतरी बायांप्रमाणे पंचवीस वर्षे विड्या वळून, हजारी मजुरीवर घर उभे केलेले. "खेळायला पंधरा हजार?" एवढा एकच प्रश्न तिने त्याला विचारला होता. त्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नव्हते.

मी शाळेत इतिहास शिकवतो. ज्या वस्तूतले आपल्याला काही कळत नाही, तिचे कूळ-मूळ आधी शोधायचे, ही माझी जुनी खोड. तेव्हा रविवार उजाडेपर्यंत मी पडद्याचे कूळ शोधत बसलो. जे हाती लागले ते मोठे गमतीचे निघाले, आणि त्याचा पहिला धागा आपल्याच मुलखात सापडला. म्हणून फराळाच्या ताटाबरोबर तेही वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या गावात यादवांच्या काळचा, ११व्या-१२व्या शतकातला गोंदेश्वर आहे. काळ्या दगडातले ते पंचायतन पाहायचे तर माणसाने फिरावे लागते. शिल्पे जागच्या जागी उभी असतात आणि प्रदक्षिणा घालणारा पुढे पुढे सरकत जातो. पुढे कित्येक शतकांनी ही रीत उलटी झाली. १८९० नंतरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर चित्रे रंगवून ती दिव्याच्या उजेडात पडद्यावर उमटवली, एकीतून दुसरी चित्रे काढून ती हलती भासवली आणि या खेळाला 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले. माणूस मांडी घालून बसला, आणि चित्रे चालू लागली.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये एक दृश्य टिपले. ते कशाचे होते म्हणाल? कुस्तीचे! भारतीय माणसाने घेतलेल्या अगदी आरंभीच्या चलच्चित्रांत एक खेळ असावा, हे वाचून मी पुस्तक मिटून क्षणभर हसलो. पडद्याची आणि खेळाची सोयरीक आजची नव्हे. मात्र त्या कुस्तीतला पेच चुकला म्हणून प्रेक्षकाने कितीही आरडाओरडा केला, तरी पडद्यावरच्या पैलवानाला तो ऐकू जाणार नव्हता.

नाशिक जिल्ह्याने तर या पडद्याला दादासाहेब फाळके दिले. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या माणसाने १९११ च्या सुमारास ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि तो झपाटून गेला. रोज तासन् तास चित्रपट पाहून त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी आणि चष्म्यांनी ती परत आली. मग १९१२ साली त्यांनी लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला. बहिणीची "डोळे जातील रे" ही तक्रार त्यामुळे मला फार जुनी वाटू लागली.

आता या साऱ्या खेळाचे मर्म एवढेच की, पडद्यावर हलते असे काहीच नसते. स्थिर चित्रे भराभर येतात आणि हालचाल आपण पाहतो. मूकपटाच्या काळी हाताने दांडा फिरवणारा सेकंदाला साधारण १६ चित्रे देई. बोलपट आल्यावर हा आकडा २४ वर स्थिरावला. तरीही उजेड लुकलुके. म्हणून यंत्रापुढे पाती फिरवून तेच चित्र दोनदा-तीनदा दाखवण्याची युक्ती निघाली. म्हणजे भाच्याच्या कागदावरल्या १४४ या आकड्याचा पणजोबा तो १६! सेकंदाला किती चित्रे, हाच प्रश्न; त्यालाच आज हर्ट्झ म्हणतात.

दूरदर्शनचा डबा निराळ्या घराण्यातला. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांनी काचेच्या नळीत विजेच्या किरणाने उजेडाचा ठिपका नाचवला; त्याच नळीचे पुढे घरोघरचे जाड काचेचे पडदे झाले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा एक चित्र ६२५ रेघांचे आणि सेकंदाला २५ चित्रे, तीही प्रत्येकी दोन हप्त्यांत, असा हिशेब होता. आपल्या विजेची स्पंदनेही सेकंदाला ५०. त्यांच्याशी तो जुळवलेला होता. पण हाही पडदा बोलणाराच; ऐकणारा नव्हे.

ऐकणारा पडदा अमेरिकेत जन्मला. ब्रुकहेव्हन येथील अणुसंशोधन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम नावाचे शास्त्रज्ञ होते. युद्धकाळात अणुबाँबच्या वेळ साधणाऱ्या विद्युत्‌मंडलांवर त्यांनी काम केले होते. दर वर्षी प्रयोगशाळा पाहायला येणारे लोक कंटाळतात हे पाहून ऑक्टोबर १९५८ मध्ये त्यांनी पाच इंची वाटोळ्या पडद्यावर टेनिस मांडले. मध्ये जाळ्याची रेघ, तिच्यावरून उडणारा ठिपका, आणि दोन खेळाडूंच्या हातांत एकेक बटण व एकेक खुंटी. लोकांनी रांगा लावल्या. सावेदादांच्या कुस्तीनंतर ५९ वर्षांनी, पडद्यावरला खेळ पाहणाऱ्याच्या बोटाचे ऐकू लागला होता. आणि आपल्या मुंबईत दूरदर्शन आले त्याच १९७२ साली तिकडे 'पाँग' हा चेंडूफळीचा खेळ बाजारात आला.

इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. सिनेमाच्या पडद्याला उशीर झाला तर प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. पण खेळाच्या पडद्याने हाकेला ओ द्यायची असते. बोट दाबले आणि चित्र हलले, यांमध्ये गेलेला प्रत्येक क्षण खेळणाऱ्याला जाणवतो. खेळासाठी पडदा निवडायचा तो या एका गोष्टीसाठी.

काचेच्या जुन्या नळीत हा गुण अंगचाच होता. तिचा ठिपका क्षणात उजळे आणि विझे. मात्र ती होती पंधरा-वीस किलोंची. तिला हटवणाऱ्या चपट्या पडद्याचा उगम, विश्वास बसणार नाही, गाजरात आहे. १८८८ साली प्राग येथे राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाने गाजरातून काढलेला एक पदार्थ तापवला. १४५.५ अंशांवर तो वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांवर नितळ. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक. १९६८ मध्ये अमेरिकेत त्याचे पडदे दाखवले गेले, आणि २००० नंतरच्या दशकात त्यांनी नळीला घराबाहेर काढले. पण हे स्फटिक विजेच्या इशाऱ्यावर अंग वळवतात, आणि वळायला वेळ घेतात. धावत्या चित्रामागे त्यामुळे पुसट शेपूट उमटते. हलका पडदा मिळाला, आणि त्याच्याबरोबर आळसही.

पुढचा सारा इतिहास हा आळस घालवण्याचा. टीएन जातीचा पडदा चपळ, पण बाजूने पाहिला की रंग उडालेला. १९९६ साली जपानच्या हिटाचीने बाजारात आणलेली आयपीएस जात रंगाला आणि बाजूने पाहायला चांगली. आरंभी ती संथ होती, आज तशी राहिलेली नाही. व्हीए जातीचा काळोख गडद, पण अंधाऱ्या दृश्यात शेपूट दिसण्याचा संभव अधिक. ओएलईडीचा ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून तो सर्वांत चपळ. मात्र महाग, आणि एकच चित्र फार काळ ठेवले तर त्याचा डाग उरण्याची भीती.

रविवारी सकाळच्या एस. टी.त मी भाच्याला गणित घातले. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. १४४ असली तर ६.९. म्हणजे वाचले जवळजवळ १०. आता १४४ वरून २४० वर गेलास, तर ४.२, वाचले तीनहूनही कमी. पहिल्या पायरीला भरपूर मिळते, दुसऱ्या पायरीला पैसे तेवढे जातात. पुढे ठिपक्यांचा हिशेब. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. 'फोर-के'वर त्याच्या बरोबर चौपट. १४४ च्या वेगाने साध्या पडद्यालाही सेकंदाला सुमारे ३० कोटी ठिपके रंगवून द्यायचे, ते तुझ्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड देणार का?

तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "माझं कार्ड जुनं आहे, मामा. नव्वद-शंभर देईल, फार तर."

"मग २४० चं काय करशील?"

दुकानदाराने अर्थातच २४० चा दाखवला, आणि खोक्यावरचा '१ मिलिसेकंद' हा आकडा बोटाने दोनदा ठोकला. खोक्यावरचा हा आकडा बहुधा सर्वांत सोयीच्या मापाने घेतलेला असतो. तो गाठायला पडद्याला फार पिटाळले, तर शेपटाऐवजी उलटी किनार उमटते. २७ इंचीही त्याने पुढे केला. पण तेवढेच ठिपके मोठ्या काचेवर पसरले की विरळ होतात. २४ इंचीवर इंचाला सुमारे ९२, तर २७ इंचीवर सुमारे ८२. हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला तो फरक कळतो.

शेवटी भाच्याने निवडला तो २४ इंची, १४४ हर्ट्झचा, आयपीएस. त्यात एक गुण मात्र त्याने हट्टाने पाहून घेतला. संगणकाची चित्रे कधी नव्वद, कधी सत्तर अशी कमी-जास्त येतात आणि पडदा आपल्याच तालात चालतो. मग अर्धे जुने, अर्धे नवे असे फाटके चित्र दिसते. पडद्याने संगणकाच्या तालावर चालावे अशी सोय एनव्हिडियाने २०१३ साली आणि एएमडीने २०१५ साली आणली. मूकपटाचा दांडेवाला दृश्य पाहून हात हळू-जलद करी, त्याचेच हे नातवंड म्हणावे! चार हजारांच्या आसपास रुपये उरले. शेजारच्या एका मुलाने वर्षभर १४४ चा पडदा ६० वरच चालवला होता. संगणकाच्या सेटिंगमध्ये आकडा आपण बदलावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून घरी आल्यावर आम्ही पहिले काम ते केले.

बहीण तोवर सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिने मलाच गाठले. "दादा, पैसे लावून खेळायचं नाही ना हे?" तिची भीती रास्त होती. तिला मी सांगितले की, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे. आणि ज्याला ई-स्पोर्ट म्हणतात तो निराळा, २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकेही होती. तुझा पोर पदक आणेल असे मी म्हणत नाही. दिवसभर यंत्रापाशी उभा राहून तो घरी येतो. तासभर खेळू दे, आणि मध्ये मध्ये डोळे उचलून लांब पाहायला सांग.

ती काही बोलली नाही. भाच्याने मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला आणि म्हणाला, "आई, ये ना, हे बटण दाब." तिने तंबाखूचे हात पदराला पुसले. पानाकडे न पाहता विडी वळणारी ती बोटे बटणावर टेकली, आणि पडद्यावरली मोटार तत्क्षणी डावीकडे वळली. तिने बोट उचलले, पुन्हा दाबले.

"ऐकतंय की रे हे!" ती म्हणाली, आणि सूप बाजूला सारून नीट बसली.