पद्मिनी मोटारीचा उदयास्त

कल्याणहून माळशेजमार्गें नगरकडे जाणारा रस्ता आळेफाटा मागें टाकून आणे घाट चढूं लागतो. मोटारीच्या यंत्राची खरी परीक्षा अशा चढणीवरच होते. एके काळीं या रस्त्यांवर कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ‘पद्मिनी’ नित्य दिसे. आज ती दिसली तर मुलेंच काय, त्यांचे वडीलहि थांबून पाहतील. इतकें घरोब्याचें नांव लयास कां गेलें, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. परक्याच्या आराखड्यावर स्वदेशी उद्योग कोठवर तग धरतो, हें त्यांत पाहावयाचें आहे.

या कारखान्याचे जनक शेठ वालचंद हिराचंद. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेल्या या पुरुषानें बोरघाटांत रेल्वेचे बोगदे खोदविले, १९१९ सालीं सिंदिया आगबोट कंपनीच्या स्थापनेंत पुढाकार घेतला आणि इंदापूर तालुक्यांतील माळावर वालचंदनगर वसविलें. मोटारीच्या योजनेस मात्र महायुद्धाच्या काळांत परकी सरकारनें साहाय्य नाकारलें. तरीहि अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं करार करून त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ पासून तेथें अमेरिकन गाड्यांची जुळणी होऊं लागली. तथापि जुळविणें वेगळें आणि घडविणें वेगळें. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जडला. वालचंदशेठ १९५३ सालीं निवर्तले. त्यानंतर १९५४ च्या सुमारास ‘फियाट ११००’ कुर्ल्यास तयार होऊं लागली व हळूहळू तिचे बहुतेक भाग याच देशांत बनूं लागले. कराराची मुदत संपल्यावर १९७० नंतरच्या दशकांत त्याच गाडीस चितोडच्या राणीचें नांव मिळालें.

नांव पालटलें, पण गाडी पालटली नाहीं. तिचा मूळ नमुना इटलींत १९६६ सालींच बाद झाला होता. येथें तो शतक सरेपर्यंत चालला. पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहणारें गिऱ्हाईक दाराशीं उभें असतां नव्या विचाराची निकड कोणास वाटावी? अर्थात् सगळा दोष कंपनीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. किती गाड्या काढाव्या, परदेशांतून काय आणावें, यांवर सरकारी निर्बंध होते. ज्या कुंपणानें रोप जगविलें, त्यानेंच त्याची वाढ खुंटविली. १९८३ सालीं मारुति आली आणि कुंपण मोडलें. १९९४ सालीं कल्याणजवळच्या कारखान्यांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या साहाय्यानें नवी गाडी निघाली. पण तीहि थोड्याच वर्षांत बंद पडली. २००० च्या सुमारास पद्मिनीचें उत्पादन थांबलें, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं मुंबईंत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपांतील तिची अखेरची मुदतहि संपली.

मग मागें उरलें काय? सुटे भाग बनविणारे लहान कारखाने, टॅक्सीवर चाललेले हजारों संसार, आणि घाटांत तापलेल्या गाडीचें झाकण उघडून हातानें दोष हुडकणारे कारागीर, हा वारसा थोडा नव्हे. परंतु यंत्र दुरुस्त करणारे हात आपण पुष्कळ निर्माण केले. नवें यंत्र कल्पिणाऱ्या बुद्धीस मात्र पुरेसें काम दिलें नाहीं. पद्मिनीच्या आठवणीनें गहिंवरणाऱ्या पिढीनें ही उणीवहि पुढच्या पिढीस सांगितली पाहिजे.