मेंढा (लेखा)

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे गाव. लोकवस्ती सुमारे 500. घरे शंभराच्या आसपास. गडचिरोली–धानोरा रस्त्यावरचे हे गाव गडचिरोलीपासून सुमारे 30 किमी. अंतरावर असून धानोरा त्याहून बरेच जवळ पडते. आगगाडी पकडायची तर गोंदिया–बल्लारपूर मार्गावरील वडसा (देसाईगंज) गाठावे लागते आणि ते गडचिरोलीच्याही पलीकडे आहे. त्यामुळे प्रवासाची सारी भिस्त रस्त्यावर.

या गावाच्या संदर्भात वाहतुकीचा प्रश्न माणसांपेक्षा बांबूचा म्हणून गाजला. वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये गावाला सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू जंगलाबाहेर नेण्यास वाहतूक परवाना लागे, आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता. ज्याला माल बाजारात नेता येत नाही, त्याचा मालकीहक्क कागदावरच राहतो; ग्रामसभेने नेमक्या याच मुद्द्यावर चिकाटीने लढा दिला. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे बांबूची तोड आणि विक्री ग्रामसभा स्वतः करू लागली.

गावातील निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. देवाजी तोफा हे ग्रामसभेच्या या लढ्यातील ज्येष्ठ कार्यकर्ते.