बोहारीण आणि नियम सत्तावीस

जुनं देऊन नवं घेण्याची युक्ती टीव्हीवाल्यांनी काढली, असा आमच्या यवतमाळच्या शाखेतल्या तरुण मंडळींचा ठाम समज आहे. १९९०च्या दशकात अकाईने जुना टीव्ही घेऊन नवा देण्याचा धडाका लावला होता, हे खरं. पण त्याआधी दारव्ह्याला आमच्या ओसरीवर हाच व्यवहार चाले, तोही विनाजाहिरात.

त्याच्याही आधी कासाराकडे 'मोड' होती. फुटकी कळशी तागडीत टाकायची, तिचं वजन मोडीच्या भावाने धरायचं, वरचे पैसे रोख द्यायचे आणि नवी कळशी घरी आणायची. पुढे स्टील आलं आणि बोहारीण दारात बसू लागली. जुन्या पँटी, लुगडी घेऊन ती गंज, डबे द्यायची. कापड उजेडात धरून विरलेला धागा ती असा शोधायची, की आमच्या ऑडिटरने तिची शिकवणी लावावी. जरीवर मात्र तिचा भारी जीव. खरी जर जाळली की चांदी उरते ना!

१९८९ साली ताईला पाहायला पाहुणे यायचे होते आणि घरात एकासारखं एक ताट नव्हतं. आईने पेटीतून लग्नातला शालू काढला.

"माय, कापड विरलं हाय. चार ताटं देईन."

"सहा दे. पाहुणे सहा हायेत."

तासभर घासाघीस झाली आणि सहा ताटं आली. पाहुणे पोटभर जेवले आणि आठ दिवसांनी नकार कळवला.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला. त्याच्या नियम २७मध्ये उदाहरणच दिलंय: जुना फोन देऊन नवा २०,०००ला मिळतो, न देता २४,०००ला, तर किंमत २४,०००च धरायची. म्हणजे जुन्यालाही मोल असतं, हे सरकारदरबारी मान्य! माझ्यातला बी.कॉम. सुखावला. मी आईला नियम वाचून दाखवला.

"मग माह्या शालूचे किती धरले?" तिने विचारलं.

ते कलम मला अजून सापडलेलं नाही.

परवा बायकोने ती ताटं मोडीत काढून नवा सेट घ्यायचा विषय काढला. आई काही बोलली नाही. संध्याकाळी पाहतो तर सहाही ताटं पुसून पेटीत ठेवलेली. शालूच्या जागी.