बाहेरचा कोन : युक्लिडपासून भोसरीपर्यंत

मंडळी, आत येताना एका काकांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात त्रिकोण कशाला? उत्तर माझ्या पहिल्या नोकरीत आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

भोसरीच्या एका लहानशा शेडमध्ये मी हेल्पर होतो. काम त्रिकोणी फ्रेमचं. ड्रॉइंगवर कोन ६०, ५० आणि ७० अंश. सळई दोन ठिकाणी वाकवायची आणि तिसऱ्या कोपऱ्यात टोकं जुळवून वेल्डिंग करायचं. मी मशीनवर आधी ६० लावले, मग ५०. टोकं जुळणं दूरच, ती एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हती! चाळीस सळया भंगारात गेल्या आणि पगार कापला गेला. आमचे फिटर मामा एवढंच म्हणाले, "कागदावर आतला कोन असतो रे. सळई वळते ती बाहेरच्या कोनानं."

सरळ सळईला ६० चा कोपरा हवा असेल तर ती १८० वजा ६०, म्हणजे १२० अंश वळवायची. ५० च्या कोपऱ्यासाठी १३०. तिसऱ्या कोपऱ्याचा बाह्यकोन ११०. तिन्ही मिळून ३६०, म्हणजे एक पूर्ण फेरी. आता तो ११० बघा : ६० आणि ५० ची बेरीज. नववीत आपण दूरस्थ आंतरकोनांचं प्रमेय घोकलं ते हेच. त्या कोपऱ्यातून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढली की बाह्यकोनाचे दोन तुकडे होतात. एक व्युत्क्रम कोन म्हणून ६० चा, दुसरा संगत कोन म्हणून ५० चा.

युक्लिडनं हे दोनदा सांगितलंय. पहिल्या पुस्तकाच्या १६ व्या प्रमेयात तो फक्त म्हणतो की बाह्यकोन दूरच्या प्रत्येक कोनापेक्षा मोठा असतो. 'बेरजेइतका' हे यायला ३२ वं प्रमेय उजाडतं. का? कारण त्याला समांतर रेषांचं गृहीतक लागतं, आणि ते वापरणं युक्लिडनं २९ व्या प्रमेयापर्यंत लांबवलं. ही सावधगिरी मला फार आवडते. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरचे दोन बिंदू घेऊन तिन्ही काटकोन असलेला त्रिकोण काढता येतो. तिथे बाह्यकोन ९० आणि दूरच्या कोनांची बेरीज १८०!

आपल्याकडे? भास्कराचार्यांच्या लीलावतीत त्रिकोण भरपूर आहेत, पण हिशेब बाजूंचा, लंबाचा, क्षेत्रफळाचा. कोन मोजण्याचा खटाटोप तिथे नाही. युक्लिड संस्कृतात आला तो अठराव्या शतकात, सवाई जयसिंहाच्या दरबारातल्या जगन्नाथ सम्राटांच्या 'रेखागणिता'तून, तोही नसीरुद्दीन तुसीच्या अरबी ग्रंथावरून. ग्रीक, अरबी, संस्कृत असा प्रवास. मराठी बाह्यकोन त्याच्या कितीतरी नंतरचा.

आपल्या भागात हा कोन पुस्तकाआधी रुळांवरून आला असं मी म्हणतो. १८५४ साली पुण्यात सार्वजनिक बांधकामाच्या कामासाठी माणसं तयार करणारा इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तेच पुढचं सीओईपी. १८५८ साली खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, चिंचवडवरून जाणारी. रुळाचं वळण आखताना दोन सरळ रेषा भेटेपर्यंत वाढवतात. तिथे पहिली रेषा पुढे नेली की दुसरीशी होणारा कोन म्हणजे वळण. रूळ जिथे वाकायला लागतो आणि जिथे सरळ होतो ते दोन बिंदू जोडा. समद्विभुज त्रिकोण तयार होतो, आणि त्याचा बाह्यकोन म्हणजेच ते वळण. मग दोन्ही टोकांचे कोन वळणाच्या निम्मे आलेच, थिओडोलाइट तेवढाच फिरवायचा. घाटातला चढ चढून जाणाऱ्या पाहणीदाराला शाळेतलं प्रमेय असं कामाला यायचं.

पुढे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली, मग मोटारी-स्कूटर आल्या आणि शेवटी चाकण. पत्रा, पाइप, सळई वाकवणारे हात साताऱ्याहून, मराठवाड्यातून आले. बरेचसे नववी-दहावी झालेले. प्रमेय पाठ असूनही माझ्यासारखेच फसलेले!

आता गोंधळ मशीनमध्येही आहे. काही मशीन आतला कोन मागतात, काही वळण. स्क्रीनवर नुसतंच 'अँगल'. म्हणून नवीन मशीनवर मी पोरांना सांगतो, आधी भंगारातल्या तुकड्यावर ६० टाक. कोपरा टोकदार आला तर मशीन आतला कोन मागतंय. पसरट आला, तर वळण. ९० टाकून मात्र बघू नका, दोन्हीकडे ९०च येतात, काहीच कळत नाही.