काउंटरमागची उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आता निवडणुकीपुरताच उरल्यासारखा झाला आहे. जुन्या मराठीत मात्र कचेरीत किंवा पेढीवर बिनपगारी, नाहीतर अगदी थोड्या पगारावर काम शिकणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. ‘तो सध्या उमेदवारी करतोय’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळायचं. उमेद हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ आशा. नोकरीच्या आशेवर राबतो तो उमेदवार. आजची मुलं यालाच इंटर्नशिप म्हणतात. उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये दोन महिने कपड्यांचा व्यापार शिकायचा आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचं. ही उमेदवारी आली कुठून, हे आज थोडक्यात सांगायचं आहे.

त्यासाठी आधी पॅरिसला जावं लागेल. आरिस्तीद बुसिको हा टोपीवाल्याचा मुलगा १८५२ मध्ये ‘बॉन मार्शे’ या दुकानात भागीदार झाला. त्यानं काही साधे नियम लावले. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असेल आणि ती सगळ्यांना सारखीच असेल. दुकानात कुणीही यावं, माल पाहावा, खरेदी न करता निघून जावं. घेतलेला माल पसंत पडला नाही तर परत आणावा. नफा थोडा घ्यायचा, पण माल झपाट्यानं खपवायचा. आज यात काहीच नवल वाटत नाही. तेव्हा मात्र दुकानाची पायरी चढलेल्या गिऱ्हाइकानं काही न घेता उतरणं हा जवळजवळ अपमान समजला जाई.

लिखित भावानं काय बदललं, हे मला माझ्या मामूंमुळे कळतं. ते मिरजेत कापडाच्या दुकानात होते. पहिली तीन वर्षं त्यांनी झाडलोट केली, ताके उलगडले, पुन्हा गुंडाळले, चहा आणला. हातात गज आला तो त्यानंतर. घासाघीस हीच तिथली विद्या होती. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायचा, कुठं ताणायचं आणि कुठं सोडायचं ते ओळखायचं, आणि मालकाचा नफा सांभाळायचा. हे शिकायला वर्षं लागत, म्हणून उमेदवारीही लांबलचक असे. भाव चिठ्ठीवर लिहिला गेला आणि या विद्येची गरज संपली. आता काल आलेली मुलगीही आज माल विकू शकत होती. शेकडो विभाग, हजारो नोकर असं दुकान उभं राहिलं ते यामुळेच.

काउंटरमागे स्त्रिया आल्या त्याही याच वाटेनं. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांनी १८८३ मध्ये अशाच एका दुकानावर कादंबरी लिहिली. तिची नायिका डेनिस ही लहान गावातून पॅरिसला आलेली विक्रेती. कादंबरीसाठी झोला यांनी खऱ्या दुकानांत जाऊन टिपणं काढली होती. अमेरिकेत तर त्याआधीच मार्गारेट गेचेल ही शिक्षिका न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’मध्ये रोखपाल म्हणून लागली आणि १८६६ मध्ये दुकानाची व्यवस्थापक झाली.

पण सगळ्यांनाच असं वर चढता येत नव्हतं. बहुतेक मुली तुटपुंज्या पगारावर दिवसभर उभ्या असत. बॉस्टनमध्ये ल्युसिंडा प्रिन्स यांनी १९०५ मध्ये अशा मुलींसाठी विक्रीकलेची शाळा काढली. विक्री ही शिकवण्याजोगी गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्गात कापडाची ओळख आणि हिशेब, तर प्रत्यक्ष दुकानात काउंटरवरचा सराव, अशी जोड त्यांनी घातली. पुढे ही शाळा सिमन्स कॉलेजशी जोडली गेली. १९१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातही किरकोळ व्यापाराचं शिक्षण सुरू झालं. आजच्या इंटर्नशिपचं मूळ असं या वर्गांत आहे.

आता मर्चंडायझिंग म्हणजे काय, ते पाहू. योग्य माल, योग्य मापात, योग्य वेळी, योग्य भावात दुकानात असणं. बोलायला सोपं, पण फॅशनचा कपडा हा भाजीसारखा असतो. दिवस जातील तसा तो शिळा होतो. बॉस्टनच्या ‘फाइलीन्स’ दुकानानं हे उघडपणे मान्य केलं. १९०९ मध्ये तळघरात सुरू झालेल्या त्यांच्या विभागात प्रत्येक कपड्यावर तारीख असे. विक्रीचे बारा दिवस गेले की भाव पंचवीस टक्के उतरे, अठरा दिवसांनी पन्नास टक्के, चोवीस दिवसांनी पंच्याहत्तर टक्के. तीस दिवसांतही खपला नाही तर तो धर्मादाय संस्थेला जाई. गिऱ्हाईक विचार करत बसे: आज घ्यावा की थांबावं? थांबलो आणि दुसऱ्यानं नेला तर? शिल्लक माल म्हणजे अडकलेला पैसा, हा धडा आजही प्रत्येक उमेदवाराला पहिल्या आठवड्यातच मिळतो. फरक इतकाच, की आता तारखेचा हिशेब संगणक ठेवतो.

भाव सगळ्यांना सारखा झाला, दार सगळ्यांना उघडं झालं. काउंटरमागची जागा मात्र सगळ्यांना मिळाली नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये बहुतेक गिऱ्हाईक कृष्णवर्णीय होतं, आणि ‘ब्लमस्टीन्स’ या मोठ्या दुकानात विक्रेते मात्र गोरे. १९३४ च्या उन्हाळ्यात लोकांनी बहिष्कार टाकला, दारासमोर निदर्शनं केली, तेव्हा कृष्णवर्णीय मुलींना काउंटरमागे घेण्याचं दुकानानं मान्य केलं. १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरीत बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स ‘मॉन्टगोमेरी फेअर’ या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिवणकाम करत होत्या, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या काळी दक्षिणेतल्या अनेक दुकानांत कृष्णवर्णीय बाईला टोपी विकत घेता येई, पण आधी डोक्यावर घालून पाहता येत नसे.

अलीकडचं उदाहरण २००८ मधलं आहे. अमेरिकेतल्या टल्सा शहरात समांथा एलाफ या सतरा वर्षांच्या मुलीनं ‘अ‍ॅबरक्रॉम्बी’ कंपनीच्या कपड्यांच्या दुकानात अर्ज केला. मुलाखतीत तिला चांगले गुण मिळाले, पण डोक्यावर रुमाल होता आणि तो कंपनीच्या पेहरावाच्या नियमात बसत नव्हता. नोकरी नाकारली गेली. १ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं निकाल तिच्या बाजूनं दिला. माझ्या घरातही रुमाल बांधणाऱ्या मुली आहेत. त्यामुळे ही बातमी मी जरा सावकाशच वाचली.

आपल्याकडे मुंबईच्या फोर्ट भागात इंग्रजांच्या काळात ‘व्हाइटअवे लेडलॉ’सारखी मोठी दुकानं होतीच. पण आजच्या अर्थानं नवं पर्व सुरू झालं ते १९९१ मध्ये अंधेरीला ‘शॉपर्स स्टॉप’ उघडलं तेव्हापासून. आता दर उन्हाळ्यात कितीतरी मुलं-मुली अशा दुकानांकडे वळतात. आमच्या शेजारची एक मुलगी अशीच दोन महिने मुंबईला गेली. मापांप्रमाणे माल लावणं, कुठला रंग खपला त्याची नोंद, ट्रायल रूममधून परत आलेल्या कपड्यांच्या घड्या, सगळं तिनं केलं. पगार शून्य. राहण्याजेवणाचा खर्च बापानं कर्ज काढून भागवला. तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीच्या घरी ते जमण्यासारखं नव्हतं, ती गेलीच नाही. दोघींपैकी हुशार कोण, हा प्रश्न इथं कुणी विचारलाच नाही.

आज मोठ्या दुकानांचे दिवस फिरले आहेत. न्यूयॉर्कच्या ‘लॉर्ड अँड टेलर’नं २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केल्यावर आपली सगळी दुकानं बंद केली. ‘मेसीज’नं २०२४ मध्ये दीडशे शाखा बंद करण्याची घोषणा केली. खरेदी मोबाइलवर गेली, आणि तिथं गिऱ्हाइकाशी बोलण्याची सोयच नाही. म्हणूनच उमेदवाराला काउंटरवर उभं राहायला मिळणं अधिक मोलाचं झालं आहे. कापडाला हात लावून, माणसाशी बोलून जे कळतं, ते पडद्यावरच्या आकड्यांत सापडत नाही.

माझे मामू तीन वर्षं राबले, पण मालकाच्या घरी दोन वेळ जेवत होते आणि ईदला नवे कपडे मिळत होते. त्या शेठजींनाही एवढं कळत होतं, की उमेदवाराला पोट असतं. आजच्या वातानुकूलित दुकानांनी निदान तेवढा हिशेब तरी चुकता करावा. दोन महिन्यांचा जेवणखर्च आणि राहण्याची सोय दिली, तर काउंटरमागे ती दुसरी मुलगीही उभी राहील.