दरशेकडा : एका हिशेबी रीतीची कुळकथा

शेकड्यावर हिशेब करण्याची रीत दशमान नाण्यांबरोबर आली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ही रीत नाण्यांच्या दशमान विभागणीहून कितीतरी जुनी असून तिचा जन्म सावकारी व्याज आणि राजस्वाची वाटणी या दोन व्यवहारांत झाला. कौटिलीय अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज ठरवले आहे. व्यापाऱ्यासाठी तोच दर पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यासाठी दहा आणि समुद्रपार जाणाऱ्यासाठी वीस पण असा वाढत जातो, म्हणजे जोखमीचे मोजमापही शंभराच्याच मापाने होत असे. हे दर मासिक आहेत, हे विसरता कामा नये, कारण सव्वा पणाचे वार्षिक व्याज शेकडा 15 होते. खाजगी सावकारीत आजही ‘तीन टक्क्यांनी’ घेतलेले कर्ज बहुधा दरमहा तीन, म्हणजे सालिना 36 टक्क्यांचे असते, आणि शालेय गणितातील ‘द.सा.द.शे.’ या आखूड रूपातले ‘दरसाल’ नेमका हाच घोटाळा टाळण्यासाठी आहे.

या हिशेबामागचे गणित म्हणजे त्रैराशिक, जे आर्यभटाने 499च्या सुमारास आर्यभटीयात सूत्ररूपाने मांडले : फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. येथे प्रमाण म्हणजे ज्यावर दर ठरला ती रक्कम, फल म्हणजे तो दर आणि इच्छा म्हणजे ज्या रकमेचा हिशेब हवा ती रक्कम. प्रमाण कायमचे शंभर ठेवले की भागाकार जवळजवळ उरतच नाही, कारण स्थानमूल्याच्या अंकलेखनात शंभराने भागणे म्हणजे अंक दोन घरे सरकवणे. मुदतही धरायची झाली तर पंचराशिक लागते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) शंभराचे महिन्याला पाच व्याज धरून सोळांचे वर्षाचे व्याज विचारले आहे, आणि ते नऊ पूर्णांक तीन पंचमांश येते.

युरोपातील वाट निराळी दिसते. रोममध्ये ऑगस्टसच्या काळी लिलावातील विक्रीवर शंभरावा हिस्सा कर होता. ‘शंभरामागे’ या अर्थाचे इटालियन शब्द पंधराव्या शतकातील व्यापारी हस्तलिखितांत संक्षेपाने लिहिले जाऊ लागले, आणि त्या संक्षेपाची अक्षरे झिजत जाऊन, रेषेच्या दोन बाजूंना दोन शून्ये असलेले आजचे चिन्ह तयार झाले.

मराठी राज्यव्यवहारात शेकड्याचा सर्वांत बारकाईचा उपयोग चौथाईच्या वाटणीत सापडतो. चौथाई म्हणजे मुलखाच्या वसुलाचा चतुर्थांश. शाहू छत्रपतींच्या काळच्या व्यवस्थेत या चौथाईचे पुन्हा शंभर भाग मानून 25 भाग बाबती म्हणून छत्रपतींना, 6 भाग साहोत्रा म्हणून पंत सचिवांना, 3 भाग नाडगौडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीतील व्यक्तीला आणि उरलेले 66 भाग मोकासा म्हणून सरदारांना मिळत. एखाद्या महालाचा वसूल 1000 रुपये धरला तर चौथाई 250; त्यात बाबती साडेबासष्ट, साहोत्रा पंधरा, नाडगौडा साडेसात आणि मोकासा 165 रुपये. बाबतीचे 25 हे चौथाईवरचे 25 आहेत. मूळ वसुलावर ते सव्वासहा टक्केच, म्हणजे रुपयामागे बरोबर एक आणा भरतात. शंभर कशाचे, हे न विचारता टक्का वाचणारा येथे चौपट चुकेल, आणि सवलतीवर सवलत देणाऱ्या दुकानात आजचा ग्राहक याच ठिकाणी फसतो : 20 टक्के सूट देऊन उरलेल्या रकमेवर आणखी 10 टक्के सूट दिली, तर एकूण सूट 30 नव्हे, 28 टक्के होते.

मात्र दर शंभरात आणि नाणे सोळा आण्यांत अशी ही जोडी तोंडी हिशेबाला जड जात असे. पावकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेण्यामागे हे एक मोठे कारण होते. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि रुपयामागे एक पैसा म्हणजे एक टक्का हे समीकरण खिशात आले. संक्रमणाच्या काळात जुने आणेही चालत असल्याने एका आण्याचे सव्वासहा पैसे पूर्णांकात बसवून सहा धरले गेले, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. त्यामुळे एकेका आण्याची खरेदी चार वेळा करणाऱ्याला चोवीस नवे पैसे पडत आणि तीच खरेदी एकदम करणाऱ्याला पंचवीस.