वाकियानवीस, खुफियानवीस आणि संगणकजाळ्यावरचा पहारा

संस्थेच्या संगणकजाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या आज्ञावल्यांची तुलना करावयाची म्हटली, की सरकारी कार्यालयात सर्वप्रथम एक तक्ता तयार होतो. डावीकडे गुणवैशिष्ट्ये, वरती उत्पादनांची नावे, आणि अगदी शेवटी, परंतु सर्वांचे लक्ष प्रथम जाते असा, किमतीचा रकाना. वाराणसीत नेमणुकीवर असताना अशा एका तक्त्याशी माझा बराच काळ संबंध आला. मी संगणकतज्ज्ञ नव्हे, अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. त्यामुळे तक्त्यातील प्रत्येक ओळ मला समजली असा माझा दावा नाही. परंतु ज्या नगरीत बसून आम्ही ही तुलना करीत होतो, तिच्या इतिहासात याच प्रश्नाची उत्तरे दोनदा, आणि दोन्ही वेळा रक्त सांडून, लिहिली गेली आहेत. तक्त्याला इतिहासाचा रकाना नसतो, म्हणून तो येथे मांडतो.

पहाऱ्याचे दोन मूलभूत प्रकार आपल्याकडे फार जुने आहेत. कौटिल्याने गूढपुरुषांची विभागणी ‘संस्था’ आणि ‘संचार’ अशी केली. संस्था म्हणजे एका जागी ठाण मांडून बसलेले, आणि संचार म्हणजे हिंडते. या दोघांनी परस्परांना ओळखू नये, आणि तीन स्वतंत्र वार्तांचा मेळ बसला तरच त्या विश्वसनीय मानाव्यात, असे त्याचे सांगणे. मोगलांनी हीच कल्पना दप्तरी शिस्तीत बसविली. सुभ्यात वाकियानवीस उघडपणे बसून घडलेल्या गोष्टींची नोंद दरबारी धाडी. सवानिहनिगार त्याला समांतर लिही. खुफियानवीस गुप्तपणे लिही, व तो कोण हे स्थानिक अधिकाऱ्यांना ठाऊक नसे. हरकारे तोंडी व लेखी वार्ता घेऊन धावत. एकाच घटनेची चार वृत्ते दरबारात येत, आणि चौघांपैकी कोण काय लपवितो हे ताडून पाहता येई. पेशव्यांचे वकील, अखबारनवीस व जासूद हे याच परंपरेतले. काशीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटावर स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यांची पुण्याशी चाललेली पत्रापत्री हाही त्या जाळ्याचाच एक धागा होता.

आता आजच्या आज्ञावल्यांकडे पाहिले तर विभागणी जवळजवळ तीच आहे. मार्टिन रोश याने १९९८ साली लिहिलेली ‘स्नॉर्ट’ ही वेशीवरच्या शिपायासारखी आहे. तिच्या हाती ज्ञात गुन्हेगारांच्या वर्णनांची यादी असते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पाकिटाचे तोंड ती यादीशी ताडून पाहते. जुळले की घंटा. २०१३ साली तिची मालक कंपनी सिस्कोने विकत घेतली, तरी मूळ आज्ञावली मुक्तच राहिली. ‘सुरिकाटा’ ही पुढे त्याच पठडीत आलेली धाकटी बहीण. याउलट व्हर्न पॅक्सन याने १९९५ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत रचावयास घेतलेली ‘ब्रो’ ही खऱ्या अर्थाने वाकियानवीस होय. ती प्रथम घंटा वाजवीत नाही, रोजनिशी लिहिते. कोणता संगणक कोणाशी, केव्हा, किती वेळ बोलला, काय मागितले, किती दिले, हे सर्व. (मूळ नाव ऑर्वेलच्या कादंबरीतील सर्वसाक्षी ‘बिग ब्रदर’वरून घेतलेले होते. पहारा आणि पाळत यांतील अंतर किती थोडे आहे, याची आठवण राहावी म्हणून. २०१८ मध्ये ते बदलून ‘झीक’ केले गेले. मला जुने नाव अधिक प्रामाणिक वाटते.) तिसरा प्रकार ‘ओसेक’ व तिच्यापासून २०१५ मध्ये फुटून निघालेली ‘वाझू’ यांचा. या वेशीवर नसतात, प्रत्येक संगणकाच्या आत बसतात, आणि कोणती धारिका बदलली, कोणी कोणत्या अधिकाराने प्रवेश केला, हे आतून कळवितात. या झाल्या खुफियानवीस. आणि या सर्वांची वृत्ते एकत्र आणून ताडणारा जो दरबार, त्याचे काम ‘स्प्लंक’सारख्या आज्ञावल्या करतात.

या तिन्हींपैकी श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण १७८१ च्या काशीत सापडते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्ज काशीत आला. युद्धखर्चासाठी राजा चेतसिंहाकडून तो नेमल्या खंडणीखेरीज दरसाल पाच लाख रुपये १७७८ पासून मागत होता, आणि आता त्याला मोठा दंड वसूल करावयाचा होता. १६ ऑगस्टला शिवाला घाटावरील वाड्यात राजाला त्याने नजरकैदेत टाकले. पहाऱ्यावर ठेवलेल्या शिपायांजवळ दारूगोळाच नव्हता! रामनगरहून गंगा ओलांडून आलेल्या जमावाने त्यांची कत्तल केली. राजा पागोट्यांच्या दोरावरून नदीकडे उतरून निसटला, आणि माधोदासाच्या बागेत उतरलेला गव्हर्नर जनरल मूठभर माणसांनिशी शत्रूच्या नगरीत कोंडला गेला. २१ ऑगस्टच्या रात्री तो चुनारच्या किल्ल्याकडे पळाला. चेतसिंह पुढे महादजी शिंद्यांच्या आश्रयाला गेला व १८१० मध्ये ग्वाल्हेरास वारला.

माझ्या विषयाला महत्त्वाचे आहे ते मधल्या दिवसांत घडलेले. सर्व वाटांवर राजाच्या माणसांचे लक्ष असताना हेस्टिंग्जची पत्रे बाहेर गेली, ती कशी, हे मेकॉलेने नोंदवून ठेवले आहे. प्रवासात लुटारूंच्या भयाने लोक कानातील सोन्याची कुंडले काढून ठेवीत आणि भोक बुजू नये म्हणून त्यात पिसाची नळी किंवा कागदाची सुरळी घालीत. हेस्टिंग्जने पत्रे अगदी बारीक गुंडाळून हरकाऱ्यांच्या कानांत घातली. काही इंग्रज सैन्याच्या अधिकाऱ्यांना, एक स्वतःच्या पत्नीला, आणि एक मराठ्यांशी तहाची बोलणी करावयास पाठविलेल्या प्रतिनिधीला. पहारेकऱ्याने झडती घेतली असेलही. त्याने कमरेचा कसा पाहिला असेल, पागोटे उलगडले असेल, परंतु कानातील सुरळी हे संशयाचे चिन्ह नव्हते. ते सर्वांच्याच कानात होते.

संगणकजाळ्यात आजही नेमके हेच होते. कोणताही संगणक दिवसभरात हजारो वेळा नावांची चौकशी करीत असतो: अमुक नावाच्या स्थळाचा पत्ता काय? ही चौकशी अडविली तर जाळेच बंद पडेल, म्हणून ती सर्वत्र मोकळी सोडलेली असते. चोर त्या विचारलेल्या नावातच चोरलेला मजकूर गुंडाळतो, आणि चौकशीला उत्तर देणारा दूरचा संगणक त्याचाच असतो. स्नॉर्टच्या यादीत त्या चोराचे वर्णन नसेल तर ती सुरळी शांतपणे कानातून निघून जाते. झीकची रोजनिशी मात्र दाखवील की लेखा शाखेतील एक संगणक रात्री दोन वाजता एकाच अनोळखी स्थळाच्या हजारो लांबलचक, निरर्थक नावांची चौकशी करीत होता. अर्थात, ती रोजनिशी कोणी उघडली तर. शिवाय आज बहुतेक वाहतूक सांकेतिक लिपीत असल्यामुळे वेशीवरच्या कोणत्याही शिपायाला पाकिटाचा केवळ पत्ता दिसतो, मजकूर नाही. म्हणून आत बसलेल्या खुफियानवीसाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. तेव्हा संस्था हव्यात की संचार, हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही हवेत, आणि तिसरा ताडून पाहणारा हवा.

मग हे तिन्ही असले म्हणजे झाले काय? येथे काशीचा दुसरा प्रसंग येतो.

अवधचा पदच्युत नवाब वझीर अली याला १७९८ मध्ये काशीत आणून ठेवले होते. नगरातील गव्हर्नर जनरलचा प्रतिनिधी जॉर्ज चेरी, आणि न्यायाधीश व दंडाधिकारी सॅम्युएल डेव्हिस. (हा डेव्हिस भारतीय ज्योतिर्गणिताचा अभ्यासक होता आणि सूर्यसिद्धान्तावर त्याने लिहिले आहे. असे अधिकारी आता कोठे?) नगराचा बंदोबस्त डेव्हिसकडे असल्याने वझीर अलीच्या सशस्त्र अनुयायांविषयीच्या वार्ता त्याच्यापर्यंत येत होत्या व त्याला संशय होता. चेरीचा मात्र नवाबाशी सलोखा होता, आणि त्याने तो संशय मनावर घेतला नाही. १४ जानेवारी १७९९ रोजी वझीर अली चेरीकडे सकाळच्या फराळाला आपल्या सशस्त्र माणसांनिशी आला. कलकत्त्यास हलविण्याच्या हुकमावरून बोलणे वाढले आणि तेथेच चेरीची हत्या झाली. तेथून जमाव डेव्हिसच्या नंदेश्वर कोठीवर चालून गेला. डेव्हिसने बायकामुलांना गच्चीवर धाडले आणि अरुंद जिन्याच्या तोंडाशी केवळ एक भाला घेऊन, कुमक येईपर्यंत, तो उभा राहिला. वझीर अली पुढे जयपूरकरांच्या हातून इंग्रजांच्या ताब्यात आला व १८१७ मध्ये कैदेतच वारला.

येथे वार्ता होती, ती योग्य माणसाकडे पोहोचलीही होती. नव्हता तो वार्तेवरून कृती करण्याचा अधिकार.

२०१३ च्या नोव्हेंबरअखेर अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या जाळ्यावर बसविलेल्या महागड्या आज्ञावलीने घंटा वाजविली. बंगलोरमध्ये बसलेल्या त्यांच्याच चमूने ती ऐकली आणि मिनिआपोलिसच्या मुख्यालयाला कळविले. तेथे कोणी हालले नाही. सुमारे चार कोटी ग्राहकांच्या पतपत्रांची माहिती गेली. माझ्या वाचकांपैकी अनेकजण बंगलोर, हैदराबाद किंवा न्यू जर्सीत बसून हीच कामे करतात. बंगलोरच्या त्या चमूची स्थिती त्यांना माझ्यापेक्षा अधिक चांगली समजेल.

परंतु मिनिआपोलिसला केवळ दोष देऊन भागणार नाही, कारण येथे एक शुद्ध गणित आहे. स्टेफान अॅक्सेलसन याने १९९९ मध्ये ते मांडले. समजा, जाळ्यात दिवसाला दहा लाख घटना घडतात व त्यांपैकी खरोखर वाईट दहा आहेत. आज्ञावली इतकी उत्तम की दहाही पकडते, आणि निर्दोष घटनांवर चुकून घंटा वाजविण्याचे तिचे प्रमाण हजारात अवघे एक. ऐकावयास फार छान! परंतु हजारात एक म्हणजे दिवसाला सुमारे हजार खोट्या घंटा, आणि त्यांत मिसळलेल्या दहा खऱ्या. म्हणजे शंभर घंटांमागे खरी एखादीच. पहारेकरी बहिरा होतो तो आळसाने नव्हे, सरावाने. विक्रेत्याच्या माहितीपत्रात ‘किती टक्के हल्ले पकडले’ हा आकडा ठळक असतो. मी विचारू लागलो ते दिवसाला किती खोट्या घंटा, आणि त्या प्रत्येकीमागे माणसाची किती मिनिटे.

किमतीविषयीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘स्प्लंक’ची किंमत दीर्घकाळ रोज आत येणाऱ्या नोंदींच्या आकारमानावर ठरत असे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही परिणाम सांगता येईल. खर्च वाचविण्यासाठी कार्यालये नोंदीच कमी पाठवितात, आणि गाळल्या जातात त्या नेमक्या नावांच्या चौकशीसारख्या विपुल व कंटाळवाण्या नोंदी. म्हणजे कानच. याउलट झीक व वाझू फुकट आहेत, म्हणून किमान निविदेच्या तक्त्यात त्या स्वस्त दिसतात. पण त्या चालविणाऱ्या माणसाचा पगार त्या तक्त्यात येत नाही. १९८६ मध्ये बर्कलीच्या त्याच प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाने हिशेबात पंचाहत्तर सेंटची तफावत पाहिली व तिचा पाठपुरावा करीत थेट जर्मनीतील हेरापर्यंत तो पोहोचला. त्याच्याजवळ कोणतीही विकत घेतलेली आज्ञावली नव्हती, वेळ होता आणि चिकाटी होती.

आणि पुणे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या पैशांवर जगातील अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून काही तासांत सुमारे चौदा हजार व्यवहारांनी रोकड काढली गेली. पैसे द्यावे काय, या प्रश्नाला बँकेच्या खऱ्या प्रणालीऐवजी चोरांनी मध्ये बसविलेली बनावट प्रणाली होकार देत होती. सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे चौदा कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक. वार निवडला गेला तो शनिवार, यात काही आश्चर्य नाही.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे ‘सर्ट-इन’ने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. नियम चांगला आहे. परंतु सहा तास मोजावयाचे ते लक्षात आल्यापासून, आणि लक्षात येण्यासाठी कोणीतरी जागे असावे लागते.

आमच्या तक्त्यात अखेरीस आम्ही दोन रकाने वाढविले. शनिवारी रात्री दोन वाजता घंटा वाजली तर ती कोण ऐकणार, आणि कोणालाही न विचारता जाळे तोडण्याचा अधिकार त्याला आहे काय. पहिल्या रकान्याचा वार्षिक खर्च तीन पाळ्यांच्या हिशेबाने सर्व आज्ञावल्यांच्या एकत्रित किमतीपेक्षा अधिक निघाला. दुसऱ्याचा काहीच नव्हता. नस्ती वित्त विभागाकडे गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. पहिल्या रकान्यावर शेरा होता की मनुष्यबळ ही बाब या योजनेच्या शीर्षाखाली येत नाही. दुसऱ्या रकान्यावर शेरा होता की अशा अधिकारप्रदानास सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागेल, आणि तो प्राधिकारी कार्यालयीन वेळेत उपलब्ध असतो.